युरोपात स्वतःच्या नावाचा हेम्प ब्रँड: पहिली बाटली विकण्याआधी काय काय करावं लागतं

हेम्प म्हणजे गांजाचंच झाड, पण नशा आणणारं टीएचसी अगदी कमी असलेलं. त्याच्या मालाचा व्हाइट लेबल धंदा ऐकायला सोपा वाटतो. तेल दुसऱ्याच्या घाण्यावरचं, बाटल्या भरणंही त्याच्याकडेच, बाटलीवर नाव मात्र तुमचं. यंत्रं नकोत, शेत नको. पण युरोपीय कायदा बाटलीवर कोणाचं नाव छापलंय ते पाहतो. माहितीत चूक निघाली, माल खराब निघाला, कोणाला त्रास झाला, तर पहिलं पत्र तुमच्या पत्त्यावर येतं. म्हणून खालच्या बहुतेक पायऱ्या एकाच कामाच्या आहेत: उत्पादकाचा शब्द कागदावर आणणं आणि तो कागद नीट वाचणं.

हा लेख जर्मनी धरून लिहिला आहे. अन्न आणि कॉस्मेटिक्सचे मुख्य नियम सगळ्या युरोपीय संघाला सारखेच आहेत. नोंदणी, कर आणि पॅकेजिंगचे तपशील मात्र देशागणिक बदलतात. ब्रिटन आणि स्वित्झर्लंड संघात नाहीत, त्यांचे नियम पूर्ण वेगळे.

१. आधी काय विकायचं ते ठरवा

नव्या माणसाला उत्पादकाच्या कॅटलॉगमध्ये पहिलं दिसतं ते सीबीडी तेल (सीबीडी हे हेम्पमधलं, नशा न आणणारं द्रव्य), आणि पहिली अडचणही तिथेच येते. १५ मे १९९७ पूर्वी युरोपीय संघात जो पदार्थ लक्षणीय प्रमाणात खाल्ला जात नव्हता, त्याला 'नॉव्हेल फूड' म्हणतात. तो विकायचा तर आधी मंजुरी लागते. जानेवारी २०१९ पासून युरोपीय आयोगाच्या कॅटलॉगमध्ये कॅनाबिनॉइड, म्हणजे सीबीडीसारखी द्रव्यं, असलेले अर्क याच गटात आहेत. जून २०२२ मध्ये युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने यकृत, पचनसंस्था, मज्जासंस्था, प्रजनन यांवरच्या माहितीत पोकळी असल्याचं सांगून सीबीडीच्या अर्जांचं मूल्यमापन थांबवलं होतं. जर्मन यंत्रणा सीबीडीचे थेंब अन्न म्हणून विकू देत नाहीत.

विक्रेते इथे दोन युक्त्या सांगतात. एक, बाटलीवर 'अरोमा ऑइल, पिण्यासाठी नाही' असं लिहायचं. ड्रॉपरची १० मिलीची बाटली, त्यावर टक्केवारी, आणि वेबसाइटवर 'जिभेखाली' हा शब्द, एवढं दिसलं की अधिकारी तिला अन्नच धरतात. दुसरी, १९ नोव्हेंबर २०२० च्या 'कनावेप' निकालाचा दाखला द्यायचा. त्या निकालात युरोपीय न्यायालयाने सीबीडी हा अमली पदार्थ नाही असं म्हटलं, आणि एका सदस्य देशात कायदेशीर बनलेल्या सीबीडीवर दुसऱ्या देशाने सरसकट बंदी घालण्याला मर्यादा घातली. नॉव्हेल फूडची मंजुरी लागणार नाही, असं त्यात कुठेही नाही.

हेम्पची फुलं हा दुसरा खड्डा. इटलीने एप्रिल २०२५ च्या सुरक्षा वटहुकुमाने त्यांवर बंदी घातली. फ्रान्समध्ये उलट, तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये फुलांवरची बंदी रद्द केली. एका देशात चाललेला माल सीमेपलीकडे गुन्हा ठरू शकतो, आणि ऑनलाइन दुकानाला सीमा सांभाळणं अवघड जातं. एचएचसीसारख्या अर्धकृत्रिम पदार्थांच्या तर वाटेलाही जाऊ नका. जर्मनीत एचएचसी २०२४ पासून बंद आहे आणि मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनीही ते नियंत्रित यादीत टाकलं.

मग उरतं काय? बियांपासून बनणारं सगळं: कोल्ड प्रेस्ड तेल, सोललेल्या बिया, प्रोटीन पावडर, पीठ. हे नॉव्हेल फूडमध्ये मोडत नाही. त्यासोबत बियांच्या तेलावर आधारलेली कॉस्मेटिक्स, आणि हेम्पचं कापड. सुरुवातीला २५० मिलीचं तेल आणि सोललेल्या बियांचं एक पाकीट, आणि नंतर बाम किंवा साबण, हा क्रम बरा. सीबीडीपेक्षा यात चमक कमी आहे, पण माल जप्त होत नाही.

२. टीएचसीचं गणित स्वतः करायला शिका

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते इथे, म्हणून या पायरीवर वेळ घाला.

शेतातल्या पिकासाठीची मर्यादा १ जानेवारी २०२३ पासून ०.३ टक्के आहे, त्याआधी ०.२ होती. ती मर्यादा झाडाची आहे, तुमच्या बाटलीची नाही. अन्नासाठी वेगळी मर्यादा आहे, आता ती नियम २०२३/९१५ मध्ये सापडेल: बियांच्या तेलात किलोला ७.५ मिलिग्रॅम, बिया, पीठ आणि पावडरीत किलोला ३ मिलिग्रॅम.

आता टक्क्यांची तुलना करा. ०.२ टक्के म्हणजे किलोला २,००० मिलिग्रॅम. ७.५ मिलिग्रॅम म्हणजे ०.०००७५ टक्के. 'आमचं तेल ०.२ टक्क्यांच्या आत आहे, युरोपियन युनियन कंप्लायंट' असं उत्पादक अभिमानाने लिहून देतो, तेव्हा अन्नाच्या मर्यादेबद्दल त्याने काहीच सांगितलेलं नसतं.

दुसरा सापळा अहवालातल्या 'आढळले नाही' या शब्दांत असतो. प्रयोगशाळेची मोजण्याची खालची मर्यादा ०.०१ टक्के असेल, तर किलोला १०० मिलिग्रॅमपर्यंतचं टीएचसी तिला दिसणारच नाही. तेलासाठी ही मर्यादा किलोला १ मिलिग्रॅम किंवा त्याखाली हवी. अहवालात ती छापलेली नसेल तर विचारून घ्या.

तिसरी गोष्ट बेरजेची. कायद्यातला आकडा डेल्टा-९-टीएचसी आणि त्याचं आम्लरूप टीएचसीए यांच्या बेरजेचा आहे. टीएचसीएला ०.८७७ ने गुणून मिळवायचं. समजा अहवालात किलोला टीएचसी ३.१ आणि टीएचसीए ४.२ मिलिग्रॅम आहे. ४.२ × ०.८७७ = ३.६८. एकूण ६.७८. पास, पण काठावर. पुढच्या बॅचला बियांची सफाई जरा कमी झाली की नापास. खरेदीच्या करारात ५ ची मर्यादा लिहून घ्या.

सफाईचा संबंध का? बीमध्ये स्वतःचं टीएचसी जवळपास नसतंच. कापणी-मळणीत फुलाभोवतीच्या पानांमधली राळ टरफलाला चिकटते आणि घाण्यात तेलात उतरते. म्हणून एकाच शेतकऱ्याच्या एकाच वाणाच्या दोन बॅचमध्येही आकडे वेगळे येतात. गेल्या वर्षीचा अहवाल या वर्षीच्या तेलाला चालत नाही.

भारतातून माल आणण्याचा विचार असणाऱ्यांनी आणखी एक आकडा लक्षात ठेवावा. आपल्याकडे एफएसएसएआय या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्प बियांना अन्न म्हणून मान्यता दिली, तिथली मर्यादा तेलाला किलोला १० आणि बियांना ५ मिलिग्रॅम आहे. ९ मिलिग्रॅमचं तेल भारतात पास, हँबुर्गच्या बंदरात नापास. शिवाय पेरणीसाठी नसलेल्या हेम्प बिया युरोपीय संघात आणायला आयातदाराची वेगळी अधिकृत परवानगी लागते. सुरुवातीला युरोपातलाच पुरवठादार घ्या. फ्रान्स हा तिथला सर्वांत मोठा हेम्प उत्पादक आहे, आणि नेदरलँड्स, लिथुआनिया, ऑस्ट्रिया, झेकिया इथेही भरणी करणारे आहेत.

३. व्यवसायाची नोंद, पण आधी व्हिसा पाहा

ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या वास्तव्य परवान्यावर) नोकरी करणाऱ्याला जोडधंदा आपोआप करता येत नाही. कार्डासोबतच्या कागदावर स्वतंत्र व्यवसायाला मनाई लिहिलेली असू शकते. ती असेल तर आधी आउसलँडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी नागरिक कार्यालयाची परवानगी घ्या, आणि नोकरीच्या करारातलं जोडधंद्याचं कलम तपासा. कायमच्या वास्तव्याचा परवाना असेल तर हा प्रश्न येत नाही.

त्यानंतर गेवेर्बेआम्ट, म्हणजे व्यवसाय नोंदणी कार्यालयात व्यवसायाची नोंद. एकट्याने सुरू करायचं तर तेवढ्यावर भागतं, पण खाण्याचा पदार्थ विकताना वैयक्तिक मालमत्ता वेगळी राहिलेली बरी. 'उगे' प्रकारची छोटी मर्यादित कंपनी कागदावर १ युरो भांडवलातही निघते, 'गेएमबेहा' या नेहमीच्या मर्यादित कंपनीला २५,००० युरो लागतात.

अन्न विकणाऱ्याला आणखी एक नोंद लागते, आणि बरेच जण ती विसरतात. नियम ८५२/२००४ प्रमाणे स्थानिक अन्न नियंत्रण कार्यालयात नाव द्यायचं. माल घरात ठेवत नसलात, फक्त वेबसाइट चालवत असलात, तरीही.

४. पुरवठादार निवडताना

तीन-चार उत्पादकांकडून नमुने मागवा. चव घ्या: ताज्या तेलाला अक्रोड आणि ओल्या गवताचा वास येतो. ऑइल पेंट किंवा जुन्या शेंगदाण्यासारखा वास आला तर ते खवट झालेलं आहे. या तेलातली पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त मेदाम्लं बहुअसंतृप्त असतात, म्हणून ते फार लवकर बिघडतं. त्यातल्या हिरव्या क्लोरोफिलमुळे उजेडात हे आणखी वेगाने होतं. पारदर्शक बाटली फोटोत सुंदर दिसते, तेलाचं मात्र वाटोळं करते. गडद काचच घ्या.

प्रत्येक बॅचसोबत मिळालेच पाहिजेत असे कागद:

- टीएचसी आणि टीएचसीए वेगवेगळे दाखवणारा अहवाल, आयएसओ १७०२५ मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा, बॅच क्रमांकासह
- पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे तेल किती खवट होऊ लागलंय याचं माप. कोल्ड प्रेस्ड तेलाला कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाची मर्यादा १५ आहे, भरणीच्या दिवशी ५ च्या आत मागा
- कीटकनाशकं, जड धातू, खनिज तेलाचे अंश, आणि बेंझोपायरीन (तेलात किलोला २ मायक्रोग्रॅम ही मर्यादा)
- बियांचं वाण, आणि ते युरोपीय संघाच्या सामायिक वाणसूचीत असल्याचा पुरावा
- उत्पादकाचं अन्नसुरक्षा प्रमाणपत्र आणि ॲलर्जीकारक पदार्थांबद्दलचं निवेदन

पहिल्या बॅचमधली एक बाटली स्वतःच्या खर्चाने दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवा. उत्पादकाने पाठवलेला अहवाल खरा असेलही, पण तो तुमच्या बाटलीतल्या तेलाचाच आहे की नाही, हे दुसऱ्या तपासणीशिवाय कळत नाही.

किमान ऑर्डरच्या आकड्यावर घासाघीस करा, दर नंतर. समजा किमान ५०० बाटल्या आहेत आणि तुमची विक्री महिन्याला ६० होईल. माल संपायला आठ महिने लागणार. या तेलाची मुदत साधारण ९ ते १२ महिने असते, आणि दुकानदार निम्मी मुदत उलटलेला माल घेत नाही. बाटलीमागे ४० सेंट जास्त देऊन १५० बाटल्या घेणं इथे स्वस्त पडतं.

करारात तीन वाक्यं हवीतच: आकडा मर्यादेबाहेर गेला तर माल उत्पादकाच्या खर्चाने परत. कच्च्या मालाचा स्रोत बदलला तर आधी कळवायचं. रिकॉल झाला, म्हणजे विकलेला माल परत मागवावा लागला, तर खर्च कोणाचा. कराराला आढेवेढे घेणारा उत्पादक कितीही गोड बोलला तरी सोडा.

आणि हे लक्षात असू द्या की व्हाइट लेबल म्हणजे तेच तेल आणखी दहा ब्रँड विकत असतात. पाककृती तुमची नसते. फक्त स्वस्तपणावर उभं राहायचं असेल तर तुमच्याआधी कोणीतरी तिथे पोचलेलं असतं.

५. नाव आणि पानाचं चित्र

युरोपीय ट्रेडमार्कची नोंद आलिकांते इथल्या कार्यालयात ऑनलाइन होते. एका वर्गाला ८५० युरो, दुसऱ्याला आणखी ५०, तिसऱ्यापासून प्रत्येकी १५०. कॉस्मेटिक्स वर्ग ३, पूरक आहार ५, खाद्यतेल २९, पीठ ३०, कपडे २५.

लोगोत गांजाचं सातबोटी पान टाकण्याचा मोह टाळा. डिसेंबर २०१९ मध्ये युरोपच्या जनरल कोर्टाने 'कॅनबिस स्टोअर ॲम्स्टरडॅम' या चिन्हाची नोंद सार्वजनिक व्यवस्थेच्या कारणावरून नाकारली, आणि त्यात पानाच्या चित्राचाही वाटा होता. विकायचा माल कायदेशीर होता, तरीही. डोमेनमध्ये 'कॅनबिस' किंवा 'सीबीडी' असेल तर जाहिरात आणि पेमेंट कंपन्यांच्या आपोआप चालणाऱ्या चाळण्या तुम्हाला आधी अडवतात, चौकशी नंतर. साधं, शेतीचा वास असलेलं नाव घ्या.

६. लेबल

अन्नाचं लेबल विक्रीच्या देशाच्या भाषेत, म्हणजे इथे जर्मनमध्ये. पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ प्रमाण, मुदत, साठवणुकीची सूचना, तुमचं नाव-पत्ता, पोषणतक्ता, लॉट (बॅच) क्रमांक. लहान अक्षरांची उंची किमान १.२ मिमी, पण २५० मिलीचा आकडा किमान ४ मिमी उंच. डिझायनर हे हमखास विसरतात.

दाव्यांवर सगळ्यात जास्त पत्रं येतात. 'सूज कमी करतं', 'झोप लागते', 'ताण घालवतं' यांतलं काहीही नको, इन्स्टाग्रामवरही नको. ग्राहकाची तशी प्रतिक्रिया तुम्ही वेबसाइटवर लावली तरी तो तुमचाच दावा. जर्मनीत सरकारच्या आधी स्पर्धकाचा वकील 'अबमानुंग' पाठवतो: दावा मागे घ्या, वकिलाची फी भरा, आणि पुन्हा केलात तर दंड मान्य करा. त्यावर घाईने सही करू नका. ते बंधन वर्षानुवर्षं गळ्यात राहतं.

कायदेशीर दावा करता येतो. १०० ग्रॅममागे आणि १०० किलोकॅलरीमागेही ०.६ ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल असेल तर 'ओमेगा-३ भरपूर' म्हणता येतं, आणि हे तेल ती अट सहज पार करतं. 'रक्तातील कोलेस्टेरॉलची सामान्य पातळी राखण्यास मदत' हेही चालतं, पण सोबत रोज २ ग्रॅमची अट छापावी लागते. तुमच्या तेलात ते आम्ल १७ टक्के असेल तर २ ग्रॅमसाठी सुमारे १२ ग्रॅम, म्हणजे १३ मिली तेल लागतं. 'रोज एक चमचा' लिहिण्याआधी चमचा मोजून घ्या. 'तळण्यासाठी वापरू नका' हेही छापा.

सेंद्रियचं हिरवं पान छापायचं असेल तर उत्पादकाचं प्रमाणपत्र पुरत नाही. स्वतःच्या नावाने माल बनवून घेणारा ब्रँडही नियंत्रण संस्थेकडे नोंदलेला असावा लागतो.

७. बाम, साबण, क्रीम असेल तर

इथे तुम्हीच 'जबाबदार व्यक्ती' ठरता, आणि तिचा पत्ता युरोपीय संघातलाच हवा. उत्पादनाची फाइल शेवटच्या बॅचनंतर १० वर्षं जपायची. फाइलचा गाभा म्हणजे सुरक्षा अहवाल, तो औषधनिर्माण, विषशास्त्र किंवा वैद्यकाची पदवी असलेल्या मूल्यांकनकर्त्याचा असावा लागतो. उत्पादकाकडे तयार अहवाल असतो, पण तो त्याच्या सूत्राचा आणि त्याच्या डबीचा. तुम्ही सुगंध बदललात किंवा काचेऐवजी प्लॅस्टिक घेतलंत, तर अहवाल नव्याने.

विक्रीआधी सीपीएनपी या युरोपीय कॉस्मेटिक्स पोर्टलवर नोंद करायची, तिला फी नाही. ३१ जुलै २०२६ पासून बाजारात येणाऱ्या नव्या उत्पादनांवर सुगंधातल्या ॲलर्जीकारकांची वाढीव यादी लागू आहे. त्वचेवर राहणाऱ्या क्रीममध्ये ०.००१ टक्क्याहून जास्त असेल तर नाव छापायचं. हेम्पचा वास यावा म्हणून टर्पीन नावाचे सुगंधी घटक घालणाऱ्यांना हे लगेच लागू होतं. लिनालूल आणि लिमोनीन तर जुन्या यादीतही होते. आणि 'एक्झिमा बरा करतं' लिहिलंत की कॉस्मेटिकचं औषध होतं, तेही परवान्याविना.

८. पॅकेजिंग आणि कर

जर्मनीत 'लुसिड' या रजिस्टरमध्ये नोंद फुकट आहे, पण त्यासोबत पुनर्चक्रीकरण करणाऱ्या एखाद्या यंत्रणेशी पैसे देऊन करार लागतो. बाटलीवर फक्त तुमचं नाव असेल तर ही जबाबदारी सहसा तुमची, आणि कुरिअरचा खोका व चिकटपट्टी तर तुमचीच. काच, कागद, प्लॅस्टिक यांचं वजन वेगळं द्यायचं. किचनच्या काट्यावर एक रिकामी बाटली आणि झाकण तोलून आकडा लिहून ठेवा. लुसिडचा नोंदणी क्रमांक नसेल तर ऑनलाइन बाजारपेठा तुमचं खातं उघडूच देत नाहीत. फ्रान्सला पाठवायला लागलात तर तिथली वेगळी नोंद आणि पुनर्चक्रीकरणाचं 'त्रिमान' चिन्ह लागतं.

खाद्यतेलावर जर्मन व्हॅट ७ टक्के, कॉस्मेटिक्सवर १९. संघातल्या इतर देशांतल्या ग्राहकांना वर्षाला एकूण १०,००० युरोंपेक्षा जास्त विक्री झाली की ग्राहकाच्या देशाचा दर लागतो, तो 'वन स्टॉप शॉप'मधून एकत्र भरता येतो. छोट्या व्यावसायिकाची व्हॅटमधून सूट (आधीच्या वर्षी २५,००० युरोंपर्यंत उलाढाल) आकर्षक वाटते, पण मग पहिल्या मालावर भरलेला व्हॅट परत मिळत नाही. दुकानात किमतीजवळ लिटरचा दरही दाखवायचा, फक्त बाटलीचा नाही.

९. पेमेंट आणि विमा

पेमेंट कंपनीकडे अर्ज करतानाच 'बियांचं खाद्यतेल, सीबीडी नाही' असं लिहा आणि टीएचसीचा अहवाल जोडा. नंतर खातं गोठलं तर पैसे काही महिने अडकतात. एकाऐवजी दोन कंपन्यांकडे खातं ठेवा. उत्पादन दायित्वाचा विमा घेताना 'हेम्प' शब्द पॉलिसीत स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर दाव्याच्या वेळी अपवादाचं कलम निघतं.

भारतात सुट्टीला जाताना नमुने बॅगेत नेऊ नका, विशेषतः अर्क असलेली कुठलीही बाटली. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याशी विमानतळावर वाद घालायची वेळ येऊ देऊ नये.

१०. माल आल्यावर

खोके उघडताच लॉट क्रमांक अहवालाशी जुळवा. प्रत्येक लॉटमधल्या दोन बाटल्या सीलबंद, थंड आणि अंधाऱ्या जागी मुदत संपेपर्यंत ठेवा. तक्रार आली तर तपासायला तीच बाटली लागते. कोणता लॉट कोणाला गेला याची साधी एक्सेल पुरते, पण ती पहिल्या दिवसापासून भरा.

मर्यादेबाहेरचा आकडा समोर आला, तर नियम १७८/२००२ चं कलम १९ तुम्हाला लगेच माल मागे घ्यायला आणि अन्न नियंत्रण कार्यालयाला कळवायला लावतं. आधी त्यांना फोन, मग ग्राहकांना मेल, मग उत्पादकाला करारातल्या कलमासह पत्र. ते कार्यालय तुमच्या भागात कोणतं आहे, त्याचा फोन आणि ईमेल काय, हे त्याच एक्सेलच्या पहिल्या ओळीत आजच लिहून ठेवा.